मागून हाक

ध्यानाला बसलो त्या पहिल्याच रविवारी आमच्या घरातलं कुणीतरी गेलं, अशी बातमी दुपारपर्यंत कट्टा गावच्या बाजारात पोचली. गेलं कुणीच नव्हतं. मी पडवीत डोळे मिटून बसलो होतो, एवढंच.

चूक म्हटली तर लहानशी होती. गुरुजींनी सांगितलं होतं, समोर एक वात लावा, थोडा वेळ ज्योतीकडे बघा, मग डोळे मिटा आणि श्वास कसा येतो-जातो ते पाहत राहा. तोंड कुठल्या दिशेला करायचं तेही त्यांनी सांगितलं असणार, पण त्या वेळी मी बहुधा परतीच्या गाडीचा विचार करत होतो. आमच्या पडवीतून उत्तरेला रस्ता दिसतो, पूर्वेला कोंबड्यांचं खुराडं आणि पश्चिमेला भिंत. राहिली दक्षिण. तिकडे नुसते माड. मन शांत व्हायला माड बरे, असा विचार करून मी तिकडे तोंड करून बसलो. निरांजनाची वात माझ्याकडे ठेवली तर धूर डोळ्यांत जात होता, म्हणून ती पलीकडे वळवली. थंडीचे दिवस, अंगात सदरा नाही, कानाशी डास. म्हणून धुतलेला पांढरा पंचा डोक्यावरून घेतला. रविवार असल्यामुळे दाढी केली नव्हती.

आता हे सगळं एकत्र बघा. दक्षिणेकडे वात केलेला दिवा आणि त्याच्यासमोर डोक्यावर पांढरं घेतलेला, दाढी वाढलेला, उघडा माणूस. घरातलं माणूस गेलं की त्याला ठेवलेलं असतं त्या जागी आमच्याकडे असाच दिवा लावतात. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. आत्मशोधाच्या घाईत सुचलं नाही.

मासे घेऊन येणारी बाई नेहमीसारखी अंगणात शिरली आणि जागच्या जागी थांबली. मग मागे जाऊन तिने टोपली बाहेर कुंपणाच्या दगडी गडग्यावर ठेवली. मला पायरव ऐकू येत होता, पण काही झालं तरी डोळे उघडायचे नाहीत अशी गुरुजींची ताकीद होती. तेवढ्यात बायको विहिरीवरून कळशी घेऊन आली.

"वयनी, कोण गेला गो?" मासेवालीने आवाज उतरवून विचारलं.

"खंय कोण गेला?"

"मगे ह्ये असे कित्याक बसलेत?"

धुरामुळे माझ्या डोळ्यांत पाणी साचलं होतं, ते नेमकं त्याच वेळी गालावरून ओघळलं.

"बघ, रडतत," ती म्हणाली. "आज सुंगटां देवचंय नाय तुका. सुतकात कोण खाता?"

तिची पुढची वाट थेट कट्ट्यापर्यंत, आणि वाटेवर प्रत्येक घरी टोपली उतरते. दुपारी मी जेवायला बसलो होतो तेव्हा वरच्या वाडीतला एक शेजारी खांद्यावर टॉवेल टाकून दारात उभा राहिला. जड आवाजात म्हणाला, "लाकडां आसत घरात, की बघूची?" म्हटलं, कसली लाकडं? त्याने माझ्या ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि टॉवेल खांद्यावरून काढून काखेत धरला. सुंगटं, म्हणजे कोळंबी, न मिळाल्यामुळे ताटात नुसती कुळथाची पिठी होती. त्यामुळे त्याला अजूनही थोडा संशय राहिला असावा.

ही गोष्ट मी लग्नाकार्यात इतक्यांदा सांगितली आहे, की नातेवाईक आता हसायच्या जागा आधीच धरून बसतात. पण सांगताना एक गोष्ट मी दर वेळी गाळतो. माझी बायको त्या दिवशी हसली नाही. मासेवाली वळल्यावर तिने कळशी खाली ठेवली, पडवीत आली आणि निरांजन उचलून फिरवलं. ते तिने एवढ्या घाईने केलं, की तेल माझ्या गुडघ्यावर सांडलं.

"कोणी शिकवल्यान ह्या बसूक?" तिने विचारलं.

मी सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि दिवा आत नेला.

शिकवलं कुणी, तर गुरुजींनी. जिल्हा नवीन झाला होता आणि आमची कचेरी ओरोसला गेली होती. निम्म्या इमारती बांधून व्हायच्या होत्या. खिडकीतून लाल माती उडत यायची आणि फायलींवर बसायची. मी तिथे कारकून. घरून कट्ट्याला चालत, तिथून गाडी, संध्याकाळी तोच प्रवास उलट. त्यात माझा स्वभाव तापट. शिपायाने पाण्याचा पेला आपटून ठेवला तरी माझ्या कानशिलात ठोके पडायचे. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब वाढलाय, रागावणं सोडा. त्यावर मी त्यांच्याशी भांडलो.

आमच्याकडे बदलून आलेल्या एका साहेबांचे वडील त्यांच्याबरोबर कर्मचारी वसाहतीत राहायला आले होते. घाटावरचे निवृत्त शिक्षक. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. शनिवारी कचेरी सुटली की ते आम्हा चारपाच जणांना एका रिकाम्या खोलीत सतरंजीवर बसवत आणि ध्यान शिकवत. आमचे हेडक्लार्क पाचव्या श्वासाला घोरू लागत. गुरुजी कुणावर रागावत नसत. ते म्हणत, "आत जा. आत कोण आहे ते बघा. जो भेटेल, तो तुम्ही. त्याला घाबरू नका."

मी आत गेलो. आत मला कट्ट्याची गाडी भेटली. मग शिपाई भेटला आणि त्याच्याशी राहिलेलं भांडण पुरं झालं. मग माडावरून नारळ काढणारा माणूस गेल्या खेपेला आला नाही ते आठवलं, आणि त्याच्यामागून सुंगटांची आमटी आली. इतकी वर्षं ज्याच्याबरोबर काढली तो इसम इतका कंटाळवाणा असेल, असं मला वाटलं नव्हतं. घाबरण्यासारखं तर त्याच्यात काहीच नव्हतं.

तरी मी चिकटून राहिलो. रोज पहाटे, आता तोंड पूर्वेला, खुराड्याकडे. आणि खरं सांगायचं तर फरक पडला. माती उडायची ती उडायची, पण कानशिलं थंड राहू लागली. शिपायाने एकदा पेला फोडला तेव्हा मी म्हणालो, असू दे. तो इतका घाबरला, की दुसऱ्या दिवशी रजेवर गेला.

पुढचं कळायला आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. घराबाहेर पडलेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही. ही रीत इतर ठिकाणीही असेल, पण आमच्या घरात ती फार कडक. मी डबा विसरून निघालो, तर बायको हाक मारणार नाही. ती डबा घेऊन मागच्या परड्यातून धावत, काजूंखालून वळसा घालून माझ्या पुढे येऊन उभी राहणार आणि तोंडासमोर तोंड आल्यावरच बोलणार. कितीदा तरी मी चालता चालता काजूच्या झाडामागून बायको उगवलेली पाहिली आहे. दुसरी गोष्ट म्हणजे, ती मला नावाने हाक मारत नाही. तिच्या तोंडी माझ्यासाठी एकच शब्द, "आयकलात?" लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच माझं नाव.

गुरुजींनी एका शनिवारी सांगितलं, ध्यानात असताना हाक मारली तर मनाला धक्का बसतो, घरच्यांना तसं बजावून ठेवा. घरी माझ्याशिवाय दोघीच. बायको आणि नुकतीच शाळेत जाऊ लागलेली मुलगी. मी मुलीला पुढ्यात उभी केली आणि म्हणालो, "बाबा बसले काय हाक मारूची नाय. कायय झाला तरी."

मुलीने मान डोलावली. आत काहीतरी पडल्याचा आवाज आला. बायकोच्या हातातून तांब्या निसटला होता आणि तो उंबऱ्यापर्यंत गडगडत आला. ती तो उचलायला वाकली नाही. मुलीकडे बघत उभी राहिली.

दुसऱ्या दिवसापासून बायको मला हाक मारू लागली.

श्वास कुठे जागेवर यावा आणि आतून आवाज यावा, "आयकलात? मीठ खंय ठेवलात?" मी आयुष्यात मीठ ठेवलेलं नाही. मी "हूं" म्हणे. पुन्हा डोळे मिटावेत, तर थोड्या वेळाने, "आयकलात? आज वार कोणतो?" मी "हूं." मग, "आयकलात? हंबरता ती गाय आपलीच मां?" गाय आमच्याकडे एकच, आणि तिचा आवाज मुलीनेही ओळखला असता. मला चमत्कारिक वाटायचं ते वेगळंच. मी "हूं" केलं की ती गप्प बसायची. उत्तराची वाट पाहायची नाही. मीठ मिळालं का, वार कळला का, काही नाही.

शेवटी माझा स्फोट झाला. ज्या रागासाठी हा उपद्व्याप मांडला होता तोच राग. "काय चललाहा तुझा ह्या?" मी ओरडलो. "माणसाक जरा शांत बसूक देशीत काय नाय?"

"बसा मां," ती म्हणाली. "मधी मधी हूं म्हणा, नि मगे कितीव येळ बसा."

"हूं कित्याक?"

ती निखाऱ्यांवर राख ओढत बसली.

त्याच सुमाराला मी पाहिलं, की परड्याच्या गडग्यात सड्यावर जायला जी फट आहे, ती कुणीतरी काटेरी फांद्यांनी बुजवली आहे. कोकणातलं परडं म्हणजे घरामागची झाडाझुडपांची जागा, आणि सडा म्हणजे त्यामागचं काळ्या कातळाचं उघडं माळरान. तिथून पुढे वस्ती नाही. मी विचारलं तर बायको म्हणाली, "गुरां येतत." त्या फटीतून गुरं आलेली मी कधी पाहिली नव्हती. मुलीचं अंथरूणही तिने मागच्या दाराजवळ हलवलं होतं. मला वाटलं, तिकडे वारा बरा लागत असेल.

बायकोची तक्रार माणसाने कुणाकडे करावी? शहाणा असेल तर कुणाकडे करू नये. मी ती सासूबाईंकडे करायचं ठरवलं.

सासूबाई इन्सुलीला एकट्या राहत. मला सासरे कधी पाहायला मिळाले नाहीत. ते घर सोडून गेले, एवढं लग्नाआधीच सांगितलेलं होतं. कन्यादान मामाने केलं. आमच्याकडे त्यात विशेष काही नव्हतं. गिरणीत म्हणून गेलेला, बोटीवर म्हणून गेलेला, आणि मग कधी परत न आलेला माणूस वाडीवाडीत एखादा सापडतो. सासूबाई कुंकू लावत. बारा वर्षं झाल्यावर भटजींनी सांगून पाहिलं, दर्भाचा पुतळा करून त्याची क्रिया उरकून घ्या, म्हणजे सुटाल. त्या म्हणाल्या, "पुतळ्याक आग देवची, नि दुसऱ्या दिवशी हो दारात उभो रवलो तर जेवक काय घालू?" तो विषय तिथे संपला.

रविवारी दोन गाड्या बदलून मी इन्सुलीला गेलो. जावई अचानक आलेला पाहून त्यांनी आधी कोंबड्याकडे पाहिलं. म्हटलं, नको, बसा, बोलायचं आहे. तरी त्यांनी घावणे घातलेच. मी खाता खाता माझं गाऱ्हाणं मांडलं. पहाटेचं बसणं, मीठ, वार, गाय, सगळं. मला वाटलं होतं, त्या हसतील.

त्यांनी तव्यावरचा घावणा उलटला नाही. तो करपू लागला.

"तुमी बसतात?" त्यांनी विचारलं. "डोळे मिटून?"

"होय."

"तोव बसायचो, हिचो बापूस."

मी घास तोंडात तसाच ठेवला.

"पाठल्या पडवीत," त्या म्हणाल्या. "सावंतवाडीक कोणतरी बुवा आयलेलो, त्येणा शिकवलेल्यान. माका आधी बरा वाटला. दारू नाय, भांडाण नाय. शेजारणी म्हणायच्यो, तुझो घोव देवमाणूस. मगे बोलणा कमी झाला. मगे जेवाण. मगे आमच्याकडे बघणा. म्हणजे बघायचो, पण आमी समोर आसताना आमच्या पाठची भिंत बघता, असा वाटायचा."

बाहेर हमरस्त्यावर नाक्याजवळ ट्रक थांबत होते, त्यांचा आवाज येत होता. त्यांनी करपलेला घावणा काढून बाजूला ठेवला.

"चेडवाक, तुमच्या बायलेक, मीच सांगलेलंय, बापूस बसलो काय हाक मारू नको. नि भायर जाणाऱ्याक पाटसून हाक मारूची नाय, ता तर तिका चलूक लागल्यापासून ठावक. त्या दिवशी मी गोठ्यात होतंय. दुपार झाली, माका वाटला तो बसलोहा. चपला पायरीवर तश्योच. सांजेक तिका इचारलंय, बापूस खंय गो? तर म्हणता, बाबा सकाळीच परड्यातसून गेले. माका हाक मारूक नको सांगलेला."

त्यांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"मी तिका मारलंय," त्या म्हणाल्या. "एवढ्याशा पोराक. म्हटलंय, तुझ्या तोंडात काय होता? ता ती इसारली नाय. मीय नाय."

मला मीठ समजलं. वार समजला, गाय समजली. ती दर वेळी एवढंच पाहत होती, की अजून आतून कुणी "हूं" म्हणतंय की नाही.

निघताना त्यांनी माझ्या पिशवीत काजू भरले आणि पुढे अंगणात येऊन, तोंडासमोर उभं राहून म्हणाल्या, "तिका सांगा, हाक मारली आसती तरी तो थांबलो नसतो. तो कधीच गेललो. पाय तेवडे त्या दिवशी गेले. मी सांगलंय तर तिका वाटतला, आवस समजूत काढता. तुमी सांगा."

"खराच थांबले नसते?" मी विचारलं.

त्यांनी माझ्या पिशवीचा बंद आवळून बांधला. "गाडी चुकतली," त्या म्हणाल्या.

घरी पोचलो तेव्हा बायको विळीवर नारळ खवत होती. मी पायही धुतले नाहीत. तिच्यासमोर बसलो आणि आईकडे जाऊन आल्याचं सांगितलं. मग सासूबाईंचा निरोप त्यांच्याच शब्दांत दिला. खोबरं संपून करवंटीची काळी साल ताटात पडू लागली तरी ती खवत राहिली.

"आई असा म्हणाली?"

"होय."

"थांबले नसते?"

"नसते. हाक मारून माणूस थांबता, तर कोण खंय गेलो असतो?" हे माझं स्वतःचं. सासूबाईंच्या निरोपात मी थोडी भर घातली. मला त्या वेळी ती फार शहाणपणाची वाटली.

मग मी म्हणालो, उद्यापासून बसणं बंद. गुरुजींना सांगेन, माझ्या आत कुणी राहत नाही, उगाच दार वाजवण्यात अर्थ नाही. ती किंचित हसली. ताटातली काळी साल बोटाने वेचून काढता काढता म्हणाली, "माका वाटायचा, माझ्या तोंडात हाक होती, नि मी ती मारूक नाय." त्या रात्री ती माझ्याआधी झोपली. लग्न झाल्यापासून असं कधी घडल्याचं मला आठवत नाही.

पहाटे सवयीने जाग आली. ती अजून झोपेत होती, तोंड उघडं, एक हात अंथरुणाबाहेर पसरलेला. महिनोन्महिने तिने अशी झोप काढली नसेल. मी तिला उठवलं नाही. न्हाणीची चूल मीच पेटवली, हंड्यात पाणी ओतलं आणि ते तापेपर्यंत परड्यातल्या धुण्याच्या दगडावर टेकलो. बसायचं म्हणून बसलो नव्हतो, हे शपथेवर सांगतो. दिवा नाही, पंचा नाही. डोळेही उघडे होते.

श्वास आपोआप दिसू लागला. मी गाडीची वाट पाहिली. गाडी आली नाही. शिपाई आला नाही. नारळवाला, आमटी, फायली, कुणीही आलं नाही. मी आत गेलो तर आत कुणीच नव्हतं. मीसुद्धा नव्हतो. आणि ते इतकं बरं वाटलं, की तितकं बरं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं आणि नंतरही वाटलेलं नाही. गुरुजींनी सांगितलेली शांती ती हीच असावी. तिच्यात कसली उणीव नव्हती. तिच्यात कुणाची गरज नव्हती.

मग मी चालत होतो.

कधी उठलो ते आठवत नाही. पायाखाली कातळ होता, गार आणि दवाने ओला. सुकलेलं गवत पोटऱ्यांना लागत होतं. खूप दूर पश्चिमेला समुद्राची फिकट रेघ होती. सूर्य यायचा होता. मी घाईने चालत नव्हतो, रेंगाळतही नव्हतो. एकदा मी मागे वळून पाहिलं, तेव्हा खाली माडांमध्ये एक घर दिसलं. न्हाणीतून धूर वर येत होता. बरं घर आहे, असं मनात आलं. कौलं परतायला झाली आहेत, असंही आलं. तिथे कुणीतरी राहत असणार. मग मी तोंड फिरवलं आणि पुढे निघालो.

मला भीती वाटली नाही. हे मी कुणाला सांगत नाही. भीती नंतर वाटली, आणि ती अजून आहे.

तेव्हा मागून हाक आली.

हाकेत माझं नाव होतं. उखाण्यातलं, पूर्ण. आवाज उंच आणि बारीक, मधेच चिरकलेला. पहिल्या क्षणी मला तो मुलीचा वाटला. मी विचार करून वळलो नाही. नाव ऐकलं आणि मान वळली. मागोमाग सगळं परत आलं, गाडी, फायली, हंड्यातलं पाणी, आणि हे घर कुणाचं तेही.

बायको गडग्याच्या फटीत उभी होती. केस सुटलेले, पदर काट्यांत अडकलेला. ती पुढे आली नाही. मी खाली उतरून तिच्यापर्यंत गेलो. तिने माझ्या मनगटाला धरलं आणि आम्ही घरी आलो.

मुलगी मागच्या पायरीवर बसली होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, मी हाक मारूक नाय हां. आवशीक जावन सांगलंय." शाबासकीची वाट पाहत होती. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तर तिच्या केसांना रक्त लागलं. तेव्हा मी माझे हात पाहिले. त्या काटेरी फांद्या कुणीतरी एकेक करून बाजूला केल्या होत्या, आणि ते हात माझे होते. मला एकही काटा टोचल्याचं कळलं नव्हतं.

बायकोने मुलीला दूध दिलं. मला चहा दिला. कुठे निघाला होतात, असं तिने विचारलं नाही. मग सुई घेऊन ती माझ्यासमोर बसली, माझा तळहात मांडीवर घेतला आणि काटे काढू लागली. मला गप्प बसवत नाही. आता तर मुळीच बसवत नव्हतं.

"आज गाडी चुकली," मी म्हणालो.

ती काटा काढत होती.

"बरा झाला हाक मारलंस," मी म्हणालो. "नाय तर मी चलतच रवलो असतंय. तुझी हाक आयकली नि लगेच वळलंय बघ."

मला तिचे आभार मानायचे होते. तिचा हात थांबला. सुईच्या टोकावर काटा तसाच होता. तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पलीकडे, परड्यातल्या त्या फटीकडे पाहिलं, आणि अगदी हळू आवाजात म्हणाली,

"म्हणजे त्या दिवशी मी हाक मारली आसती, तर बाबापण वळले आसते."